शनिवारचं नाक

परवा गाडी सर्व्हिसिंगला टाकली. काचेचं ऑफिस, गारेगार एसी, कॉफीचं मशीन आणि टाय लावलेले एक गृहस्थ. हातातल्या टॅबवर बोट फिरवत ते म्हणाले, "मॅडम, लीकेज आहे." मी विचारलं, कुठून? म्हणाले, "खालून." आता खालूनच गळणार ना बाबा, वरून काय गळणार आहे? मी पर्स खुर्चीवर ठेवली, ओणवी झाले, गाडीखालचा काळपट थेंब बोटावर घेतला आणि नाकाशी नेला. कुजलेल्या लसणाचा वास. गिअर ऑइल. तसं सांगितल्यावर त्यांनी आधी माझ्या साडीकडे बघितलं, मग बोटाकडे.

"हे कुठे शिकलात मॅडम?"

"कांदिवलीला," मी म्हटलं. नाव सांगितलं नाही. सांगून त्यांना काय कळणार होतं? पण घरी येईपर्यंत परब मिस्त्री डोक्यातून गेले नाहीत. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. मी काही उठसूट रडणारी बाई नाही, पण परवा सिग्नलला उभी असताना डोळे भरून आले आणि मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवून वाजवून जीव खाल्ला.

कांदिवली पूर्वेला आमच्या सोसायटीपासून दहा मिनिटांवर, एका पिठाच्या गिरणीला चिकटून, परब मिस्त्रींची पत्र्याची शेड होती. बोर्ड नव्हता. एका वेळी एकच गाडी मावायची, आणि एकाच वेळी एकच गाडी बघायची हा त्यांचा नियमही होता. माणूस किरकोळ, उंचीला बेताचा, अंगावर खाकी शर्ट, आणि तो शर्ट मेकॅनिकचा वाटणार नाही इतका स्वच्छ. मूळचे मालवणकडचे. गिऱ्हाइकांशी मुंबईचं मराठी नाहीतर मोडकंतोडकं हिंदी बोलायचे, पण रागावले किंवा माया आली की मालवणीवर घसरायचे. माझ्याशी बहुतेक वेळा मालवणीच. त्यातलं रागाचं किती आणि मायेचं किती, ते तुम्हीच ठरवा.

इंजिन उघडणं, डेंट काढणं, गाडी चकाचक करणं, यातलं काही त्यांच्याकडे होत नसे. ते फक्त गळती शोधून बंद करायचे. तीन-तीन गॅरेजांनी हात टेकलेल्या गाड्या बोरिवलीपासून गोरेगावपर्यंतचे लोक त्यांच्याकडे आणायचे. कोणी घाई केली की मिस्त्री समोरच्या मोठ्या गॅरेजकडे हात दाखवायचे. "घाई असेल तर तिकडे जा. ते लोक दोन तासात गळती बंद करतात. पंधरा दिवसांसाठी."

मी पहिल्यांदा गेले ती सोसायटीमुळे. पार्किंगमध्ये नवे पेव्हर ब्लॉक बसवले होते आणि आमच्या गाडीखाली ताटाएवढा काळा डाग पडला. सेक्रेटरी शहांनी लगेच नोटीस लावली. नाव लिहिलं नाही, फक्त पार्किंगचा नंबर लिहिला, म्हणजे नाव लिहिल्यासारखंच. मग लिफ्टमध्ये भेटेल तो मला निदान सांगायला लागला. कोणी म्हणे इंजिन गेलं, कोणी म्हणे विकून टाका. आमच्या बाबांचं म्हणणं, डाग आपला नाहीच, शेजारच्या गाडीचा आहे. गाडी बाबांची. निवृत्त झाल्यावर हौसेने घेतलेली, आणि चालवायची मी.

मिस्त्रींकडे न्यायची म्हणून मी आदल्या दिवशी गाडी खालून-वरून स्वच्छ धुऊन घेतली. आपल्याकडे हे असंच असतं. कामवाली यायच्या आधी आपण घर आवरतो, डॉक्टरकडे जाताना ठेवणीतला ड्रेस घालतो. परक्या माणसापुढे मळकी गाडी कशी न्यायची?

मिस्त्री स्टुलावर बसले होते. उठले, गाडीखाली वाकून बघितलं आणि परत स्टुलावर जाऊन बसले.

"धुतलंस कित्याक?"

मी म्हटलं, "घाण होती म्हणून."

"त्या घाणीतच सगळा लिवलेला होता गो. तू पुसून आणलंस. आता चार दिवस फिरव, हात लावू नको, आणि मग ये."

एवढं बोलून त्यांनी चहा मागवला. एक स्वतःला आणि एक मला. मी रागाने तणतणत निघणार होते, पण चहा आला होता.

चार दिवसांनी गेले तेव्हा त्यांची पद्धत बघितली. आधी बॉनेटला हात नाही. मला समोर बसवून विचारलं, काल कुठे नेलीस, चढावर उभी केलीस का, किती वेळ उभी होती, डाग सकाळी दिसतो की चालवून आल्यावर. वैद्य नाडी बघताना विचारतात तसं, मान खाली घालून. मग गाडीखाली एक पांढरा पुठ्ठा सरकवला आणि त्यावर चार चाकांच्या जागा लाल खडूने आखल्या. तासाभराने पुठ्ठा काढला, त्यावरचा थेंब बोटावर घेतला, अंगठ्याने चोळला आणि डोळे मिटून वास घेतला. तेवढा वेळ त्यांच्याशी बोललेलं चालत नसे. "इंजिन ऑइल," डोळे उघडून म्हणाले, "पण जुना झालेला." मग इंजिन रॉकेलने पुसून घेतलं आणि खिशातून काय काढावं? टाल्कम पावडरचा डबा. लहान बाळाला न्हाऊ-माखू घालून पावडर लावतात तशी त्यांनी आमच्या इंजिनला पावडर लावली. सुरू करायला सांगितलं. सगळ्या शेडमध्ये मोगऱ्याचा वास. दहा मिनिटांनी त्या पांढऱ्या पावडरीतून एक बारीक ओली रेघ वरपासून खालपर्यंत उतरलेली दिसली.

"डाग दिसतो तिथे कधीच गळत नसतं," ते म्हणाले. "थेंब वरून निघतो, फिरत फिरत येतो आणि जिथे जमेल तिथे पडतो. लोक पडलेल्या जागेला धरून बसतात."

इंजिनच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग कडक होऊन तडकलं होतं. ते बदललं. संपलं. मी शहांच्या दारावर जाऊन सांगून आले की गाडी आता गळत नाही. शहा म्हणाले, डाग तर तसाच आहे.

त्यानंतर काही असो-नसो, मी त्या शेडकडे जायला लागले. तिथे बसायला बरं वाटायचं. शेजारी गिरणी घरघरत असायची आणि मिस्त्री काम करता करता बातमी द्यायचे, "आज भाकरीचं दळण आलंय. ज्वारी नवीन आहे." मला पीठ म्हणजे पीठ. त्यांना गव्हातला आणि ज्वारीतला फरक तर कळेच, पण कोणी मेथी घालून डोशाचं दळण आणलं तर तेही कळे. एकदा टॉवरमधले एक साहेब मोठी गाडी घेऊन आले. पुढच्या सीटच्या बरोबर खाली, गाडीच्या तळातून पाणी टपकतंय, काहीतरी फुटलंय म्हणून घाबरेघुबरे झालेले. मिस्त्रींनी त्यांचाच हात धरून थेंबाखाली नेला. "वास घ्या साहेब. येतो?" साहेब म्हणाले, नाही. "मग पाणी आहे. एसीचं. उन्हाळ्यात तुम्हाला घाम येतो, तिला पण येतो. जा." साहेबांनी पाकीट काढलं तर त्यांच्यावर रागावले. काम केलंच नाही तर पैसे कसले, म्हणाले.

मग करोना आला. मिस्त्रींनाही झाला. महिनाभर शेड बंद होती. उघडल्यावर मी भेटायला गेले तेव्हा वाळलेले दिसले, पण बाकी तसेच. एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. गिरणी चालू होती आणि त्यांनी दळण कसलं ते सांगितलं नाही. मला वाटलं, थकलेत.

त्याच वर्षी आमच्या गाडीत डाव्या बाजूची चटई ओली राहायला लागली. मिस्त्रींनी चटई उचलली, बोटाने चाचपलं, नाकाशी नेलं आणि म्हणाले, "एसीचं पाणी. पाइप चोंदलाय." पाइप साफ करून दिला. बाबा मागच्या सीटवरून म्हणत होते, "अगं, गोड वास येतोय. कोणी काकवी सांडली का?" मी म्हटलं, बाबा, तुम्ही गप्प बसा, मिस्त्रींनी बघितलंय.

आठवड्याने बाबांना गोरेगावला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत होते. हायवेवर टेंपरेचरचा काटा लाल रेघेवर गेला, बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी भर उन्हात उजव्या लेनमध्ये बंद पडली. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. डोळ्यांनी धड दिसत नाही. दोन्ही बाजूंनी गाड्या अंगावरून गेल्यासारख्या जातात. त्यांचा हात धरून मी रस्ता ओलांडला ती वीस पावलं मी अजून विसरलेले नाही.

गोरेगावच्या मेकॅनिकने पाच मिनिटांत सांगितलं. चटईवर पडत होतं ते एसीचं पाणी नव्हतं. हीटरची नळी फुटून त्यातून कूलंट झिरपत होतं, आणि रेडिएटर कोरडा पडला होता. रंग कसा कळला नाही? तर आमचे बाबा दर रविवारी खाली जाऊन रेडिएटरमध्ये नळाचं पाणी ओतायचे. कूलंट म्हणजे रंगवलेलं पाणी, त्याला कोण पैसे देणार, असं त्यांचं मत. ओतून ओतून रंग गेला होता. राहिला होता फक्त गोड वास. आणि बाबांना तो आला होता.

मी तशीच तणतणत शेडवर गेले. तोंडाला येईल ते बोलले. बाबांना काही झालं असतं तर, म्हणाले. तुमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला, म्हणाले. मिस्त्री स्टुलावर बसून सगळं ऐकत राहिले. माझं संपल्यावर उठले, फळीवरचा कूलंटचा कॅन काढला, झाकण उघडलं आणि नाक त्यात घालायचं बाकी ठेवलं. मग कॅन माझ्यापुढे धरला.

"कसो आसा?"

"गोड," मी म्हटलं.

"माका काय्येक येत नाय गो. त्या तापापासून. मासळी तळली तरी येत नाय." झाकण लावायला त्यांना वेळ लागला. आटे जुळत नव्हते. "कोणाक सांगू नको. हात काय, सगळ्यांचेच असतात. लोक माझ्याकडे नाकासाठी येतात."

माझा राग कुठच्या कुठे गेला. एवढा मोठा माणूस माझ्यासमोर असा उभा, आणि मी काय बोलून बसले होते. मी म्हटलं, "मला शनिवारी सुट्टी असते."

तेव्हापासून मिस्त्री आलेल्या प्रत्येक गाडीवाल्याला सांगायला लागले, "शनिवारी आणा." लोकांना वाटलं, म्हातारा माजला. शनिवारी सकाळी मी जायचे, जुना पंजाबी ड्रेस घालून. मिस्त्री बोट पुढे करायचे, मी वास घ्यायचे. सुरुवातीला मला काही सांगता येईना. नुसतं 'घाण येतंय' म्हटलं की चिडायचे. "घाण म्हणजे कसली? स्वयंपाकघरातली सांग." मग मी त्या भाषेत सांगायला लागले. कुजका लसूण म्हणजे गिअर ऑइल. करपलेला तवा म्हणजे जुनं इंजिन ऑइल. काकवी म्हणजे कूलंट. लहानपणी नाक दाबून पाजलेलं एरंडेल म्हणजे ब्रेक ऑइल. हे शेवटचं त्यांनी माझ्याकडून दहा वेळा घोटून घेतलं. "बाकी चुकलं तर गाडी बंद पडेल," म्हणायचे. "हे चुकलं तर गाडी थांबणार नाही."

गिऱ्हाईक समोर असलं की आमचं नाटक चालायचं. मी उगाच जवळ उभी राहून वास घ्यायचे आणि ओढणी डाव्या किंवा उजव्या खांद्यावर टाकायचे, तशी आमची खूण ठरलेली. मिस्त्री मग डोळे मिटून, स्वतःच्या बोटाचा वास घेतल्यासारखं करून, गंभीरपणे निदान सांगायचे. एकदा मी पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधून गेले, विसरले, तर मिस्त्री डोळे मिटून किती वेळ उभे. गिऱ्हाईक बिचारं हात जोडून. गाडी गेल्यावर आम्ही दोघं इतके हसलो की गिरणीवाला बाहेर येऊन बघून गेला.

काम झालं की चहा. मग मी त्यांना गिरणीचं दळण सांगायचे. एव्हाना मला गहू-ज्वारी कळायला लागलं होतं. ते ऐकून मान हलवायचे आणि म्हणायचे, "नवी आसा की जुनी?" ते मात्र मला कधी सांगता आलं नाही. दोन वर्षं असे शनिवार गेले. माझ्या आयुष्यात त्याहून बरे दिवस फारसे आलेले नाहीत. हे मी तेव्हा त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं, पण सांगायला हवं होतं.

मग बाबांचं दुखणं आलं. तीन आठवडे हॉस्पिटल. शनिवार चुकले. मी फोन करून कळवलं, ते म्हणाले, "बापाशीक बघ आधी." बाबा गेले.

आठव्या दिवशी दुपारी मिस्त्री घरी आले. त्यांना खाकीशिवाय मी पहिल्यांदाच बघितलं. पांढरा शर्ट, कडक इस्त्रीचा. आईला नमस्कार केला, बाबांच्या फोटोसमोर बसले. मग म्हणाले, "माणूस चांगलो. पण पाणी ओतायचे." आठ दिवसांत मी पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता परत रडायला लागले.

थोड्या वेळाने म्हणाले, शेड मोडायला घेतायत, त्या जागी बिल्डिंग होणार. पुढच्या आठवड्यात गावाक चललंय. चार शनिवार कोणाची गाडी घेतली नाही, असंही सहज बोलून गेले.

मला हॉस्पिटलची फाइल गाडीतून आणायची होती, म्हणून त्यांच्याबरोबर खाली उतरले. गाडीजवळ आल्यावर त्यांची नजर मागच्या चाकाकडे गेली. चाकाच्या आतल्या अंगाला ओल होती.

"उद्या खय जातंस?"

"नाशिकला. परवा दहावा आहे. पहाटे निघणार."

"ही घेऊन? घाटातून?"

"हो. आई आणि मी."

मी नको नको म्हणेपर्यंत ते पांढऱ्या शर्टासकट जमिनीवर आडवे झाले. चाकामागे हात घातला आणि बाहेर येऊन बोट माझ्यापुढे धरलं. "बघ."

आठ दिवस रडून माझं नाक चोंदलं होतं. मला काही येत नव्हतं. काकवी नाही, एरंडेल नाही, काही नाही. आता हे सांगितलं तर हा माणूस याच शर्टात चाक खोलायला बसेल. वर पाहुणे खोळंबलेत, आई एकटीच त्यांच्यात बसलीय, आणि मी अशी थकले होते की आता त्यांनी फक्त जावं असं मला झालं होतं. मी म्हटलं, "पाणी आहे मिस्त्री. सकाळी धुतलीय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. अंगठ्याने बोट चोळत राहिले, अगदी हळू, कितीतरी वेळ. "पाणी काय," म्हणाले. "बरां." आणि हात रुमालाला पुसला. सुतकाच्या घरातून निघताना कोणी 'येतो' म्हणत नाही. तेही म्हणाले नाहीत. गेटकडे चालायला लागले, मी फाइल घेऊन लिफ्टमध्ये शिरले.

नाशिकला आम्ही भाड्याच्या गाडीने गेलो. परत आल्यावर चाक उघडून घेतलं, तर आतला ब्रेकचा सिलिंडर फुटलेला. पुढच्या आठवड्यात शेडकडे गेले तेव्हा पत्रे उतरवले होते आणि मिस्त्री गावाला गेले होते. पुढे फोनवर दोनदा बोलणं झालं, आंब्यांचं, पावसाचं. मग त्यांच्या मुलाचा फोन आला.

पण भाड्याच्या गाडीने का गेलो, ते सांगायचं राहिलं. त्या दुपारी फाइल आईला देऊन मी गॅलरीत आले होते. मिस्त्री गेटबाहेर गेलेले नव्हते. कंपाउंडच्या भिंतीशी उरलेले पेव्हर ब्लॉक रचून ठेवले होते, तिथून त्यांनी एक उचलला, दोन्ही हातांनी पोटाशी धरून आणला आणि माझ्या गाडीच्या मागच्या चाकाला मागून अडकण म्हणून लावला. मग दुसरा. तो चाकाच्या पुढून. पायाने ठोकून बघितला. पाठीवर शर्टाला काळा डाग पडला होता, तो त्यांना दिसत नव्हता. मी तिसऱ्या मजल्यावर उभी, आणि मला सगळं कळलं. माझं खोटं त्यांनी ओळखलं होतं. चोळणाऱ्या बोटांना ब्रेक ऑइल कळलं होतं, नाकावाचून. मग इतके शनिवार माझं नाक कशाला लागत होतं?

मिस्त्रींनी हात झटकले आणि ते गेटकडे निघाले. वर बघितलं नाही. हाक मारावी असं मला फार वाटलं, तोंडात नाव आलं होतं. पण निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत, असं आईने लहानपणापासून शिकवलेलं, आणि मी ते पाळलं.